बटणामागचे भालेकर

विलास परब यांनी दिनकर भालेकरांना फसवलं. परब हे भोईवाड्याजवळच्या एका चाळीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. भालेकर त्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि माझ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर भरायचे फॉर्म बनवायचे. भालेकरांनी चाळीसाठी एक फॉर्म बनवला, त्यातल्या एका बटणामागे परबांनी भलतंच काम लावलं आणि नंतर लोकांना सांगितलं की बटण भालेकरांचं आहे, त्यांनाच विचारा. हे मी कोणाकडून ऐकून लिहीत नाही. भालेकरांची मूळ फाइल आणि परबांनी बदललेली, दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही मी उघडून बघितल्या आहेत. भालेकर आता नाहीत. परब आहेत, परळमध्येच आहेत आणि रस्त्यात भेटले की हसून नमस्कार करतात.

मी भांडकुदळ बाई आहे, हे लालबागपासून दादरपर्यंतचा कुठलाही कागदवाला सांगेल. भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली टायपिंगचं टेबल टाकून मी धंद्याला सुरुवात केली. तिथे न भांडणारी बाई टिकत नाही. त्याच टेबलापाशी भालेकर मला पहिल्यांदा भेटले. गिरगावातला त्यांचा छापखाना नुकताच बंद झाला होता आणि त्यांना कसलंसं प्रतिज्ञापत्र करून हवं होतं. मी छापील नमुना पुढे सरकवला. उंच, जरासा वाकलेला माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर चढवलेला चष्मा. त्यांनी तो चष्मा खाली ओढला, कागद बघितला आणि म्हणाले, "बाई, ही रेघ कोणासाठी सोडलीत?"

"नाव लिहायला."

"कोणाचं? एकट्या माणसाचं? बायकांचं स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एवढ्याशा रेघेत बसवायचं कसं? तुम्ही स्वतः कधी भरून बघितलाय का हा फॉर्म?"

माझं डोकं तापलं. "तुम्हाला प्रतिज्ञापत्र पाहिजे की मला शिकवायला आलात?"

"दोन्ही," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

पुढे मी चिंचपोकळीला गाळा घेतला आणि कागदी फॉर्मच्या जागी लोक कॉम्प्युटरवर भरायचे फॉर्म मागायला लागले, तेव्हा मला तो स्टुलावर बसलेला माणूस आठवला. मी निरोप पाठवला. ते आले ते सगळं शिकूनच आले होते, कुठून ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी घासाघीस करायच्या तयारीत बसले होते. पगारावर त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्यांची एकच अट होती. "फॉर्म कसा दिसावा ते तुम्ही आणि तुमचं गिऱ्हाईक ठरवा. रंग, लोगो, काय ते. बटणामागचं माझं. त्यात कोणी हात घालायचा नाही. तुम्हीसुद्धा."

फॉर्मवरचं बटण म्हणजे वरून बघितलं तर एक चौकोन आणि त्यावर एक शब्द. छापा, पुसा, पाठवा. दाबलं की काय व्हायचं ते मागे लिहून ठेवावं लागतं आणि भरणाऱ्याला ते दिसत नाही. भालेकरांचं म्हणणं असं की दिसत नाही म्हणून तिथे जास्त लाज बाळगायची. पुसायचं बटण ते पाठवायच्या बटणाशेजारी कधी ठेवायचे नाहीत, गिऱ्हाइकाने आदळआपट केली तरी नाही. ते पानाच्या पार दुसऱ्या टोकाला, फिकट राखाडी रंगात असायचं आणि दाबलं तरी आधी विचारायचं. बटण तयार झालं की ते स्वतः तपासायचे नाहीत. लॅपटॉप उचलायचे, खाली उतरायचे आणि जो दिसेल त्याला धरायचे. पानवाला, गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका, एकदा तर मीटर वाचायला आलेला माणूस. "हे भरा," म्हणायचे आणि बाजूला उभे राहून त्या माणसाचं बोट बघायचे. तोंडाकडे अजिबात बघायचे नाहीत. बोट जिथे अडखळलं तिथे वर येऊन दुरुस्ती.

साधा माणूस नव्हता हो. गर्विष्ठ होते, चांगलेच. "अख्ख्या परळात असं बटण करणारा दुसरा दाखवा," असं गिऱ्हाइकासमोर म्हणायचे. त्यांच्या खुर्चीत कोणी बसलेलं चालायचं नाही. दुसऱ्या कोणी त्यांचा माऊस धरला तर ते रुमालाने पुसून घ्यायचे, आणि ज्याने धरला त्याच्या देखत पुसायचे. मूळचे मालवणकडचे. रागावले की बोली सुटायची. "माका शिकव नको," हे वाक्य त्यांनी बँकेच्या मॅनेजरलाही ऐकवलेलं मी बघितलंय.

आणि बटणामागून ते बोलायचे. म्हणजे खरंच बोलायचे. काही चुकलं की फॉर्मवर एक छोटी चौकट उघडते, त्यात सगळीकडे एकच कोरडं वाक्य असतं, "अवैध माहिती" वगैरे. भालेकरांच्या फॉर्मवर जन्मतारखेत पुढचं साल टाकलं तर चौकट म्हणायची, "अजून जन्म व्हायचाय का?" मोबाइल नंबर अपुरा टाकला तर, "एक आकडा घरी राहिला वाटतं." आणि पाठवायचं बटण दाबलं की, "एकदा वर जाऊन वाचा. मी थांबतो."

मी म्हटलं, "भालेकर, हा मी कोण?"

"मी. दिनकर भालेकर. अजून कोण?"

"लोकांना वाटेल संस्था बोलतेय."

"संस्था कधी कोणासाठी थांबलीय का, बाई?"

दादरच्या एका मंगल कार्यालयाचा बुकिंगचा फॉर्म आम्ही केला होता. दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजरचा फोन. "तुमचा फॉर्म माझ्या गिऱ्हाइकांशी भांडतो!" मी उघडून बघितलं. तारीख निवडून 'पाठवा' दाबलं की भालेकर विचारत होते, "ही तारीख मुलीच्या आईला चालते ना?" मी त्यांना बोलावून झापलं. ते शांतपणे म्हणाले, "त्या माणसाला विचारा, तारीख बदलायचे फोन कमी झाले की नाही." मी विचारलं. मॅनेजर म्हणाला, "झाले कमी. पण आता गिऱ्हाईक फॉर्म अर्धा टाकून घरी फोन लावतात आणि माझ्या ऑफिसात बसून भांडतात." चौकट राहिली. माझ्या माहितीप्रमाणे अजूनही आहे.

एक दिवस मात्र मी त्यांच्याबद्दल वेगळं काही बघितलं. जवळच्याच एका सोसायटीतल्या काकू ऑफिसात आल्या होत्या. नवरा जाऊन थोडे दिवस झाले होते आणि सोसायटीच्या कागदांवरून त्यांचं नाव काढायचं होतं. मुलगा परदेशात, घरात कॉम्प्युटर नाही, म्हणून आमच्याकडे आल्या. सगळं भरून झालं आणि शेवटी 'नाव काढा' असं बटण होतं. काकूंनी बटण दाबलं आणि बोट तसंच दाबून बसून राहिल्या. बोट उचलेनात. डोळे स्क्रीनवर. मी काही बोलणार एवढ्यात भालेकर त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले, जमिनीवर, त्या इस्त्रीच्या कपड्यांत.

"काकू, अजून काही झालेलं नाही. दाबल्यावर काही होत नाही, बोट उचलल्यावर होतं. तसंच ठेवा. आता हळूच बाजूला सरकवा. अजून थोडं. हां. आता सोडा."

काकूंनी सोडलं. नवऱ्याचं नाव जिथल्या तिथे होतं.

"आज नको असेल तर नको," भालेकर म्हणाले. काकू घरी गेल्या. पुन्हा केव्हा तरी आल्या असतील, मला आठवत नाही. नंतर भालेकरांनी मला समजावून सांगितलं की बटणाचं काम दाबताक्षणी व्हावं असंही करता येतं, पण ते तसं कधीच करत नाहीत. "माणसाचा विचार बोट आणि बटण यांच्यामध्ये बदलतो. तेवढी जागा ठेवायला पाहिजे."

आता चाळीचं सांगते.

त्यांच्या चाळीचा पुनर्विकास व्हायचा होता. निम्मी कुटुंबं केव्हाच डोंबिवली-बदलापूरकडे गेलेली, खोल्यांना कुलपं, त्यामुळे कागदावर संमती गोळा करणं अवघड होतं. परब माझ्या ऑफिसात पेढे घेऊन आले. फॉर्म कॉम्प्युटरवर करा, लोक कुठूनही भरतील आणि प्रत्येकाला भरलेल्या फॉर्मची प्रत ईमेलवर जाईल. परब आणि भालेकर एका गॅलरीत वाढलेले. परबांची आई कामाला जायची तेव्हा परब भालेकरांकडे जेवायचे.

"दिन्या, घरचं काम आहे," परब म्हणाले.

"म्हणून नीट करीन."

"दोनच बटणं ठेव. मान्य, अमान्य. विषय संपला."

"तीन. तिसरं, 'विचार करून सांगतो'."

"अरे, तिसरं कशाला? लोक विचारच करत बसतील!"

"विल्या, तू लग्नाला हो म्हणायला किती मुली बघितल्यास रे? माझ्या आईला विचार, प्रत्येक वेळी तिला बरोबर घेऊन गेलास."

परब मोठ्याने हसले. तीन बटणांना कबूल झाले. मी त्या दिवशी परबांशी बाकीच्या सगळ्या गोष्टींवरून हुज्जत घातली, ह्या एका गोष्टीवर घातली नाही, कारण ती मिटली असं मला वाटलं.

तिसऱ्या बटणाला कारण होतं. बिल्डरच्या मसुद्यात लिहिलं होतं की इमारत होईपर्यंत राहायची तात्पुरती घरं 'शक्यतो परिसरात' दिली जातील. त्या 'शक्यतो'ला लोक घाबरत होते. म्हातारी माणसं, केईएम हॉस्पिटलपर्यंत चालत जाणारी, मुलं इथल्याच शाळांत. 'शक्यतो' काढा, परळातच घरं देऊ असं लेखी द्या, मग सही करतो, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. त्यांना नाही म्हणायचं नव्हतं. त्यांना थांबायचं होतं. पुरेशा लोकांनी तिसरं बटण दाबलं असतं तर बिल्डरला तो शब्द काढावा लागला असता. सगळा डाव एवढाच होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. परबांनाही.

भालेकर प्रत्येक फाइलला कुलूप लावायचे. पासवर्ड टाकल्याशिवाय बटणामागे कोणाला जाता यायचं नाही. मी मालकीण, पण पासवर्ड मलाही दिला नव्हता. फॉर्म तयार झाल्यावर परबांचा फोन आला. दोन-तीन घरांनी आपसात खोल्या बदलल्यात, नंबर दुरुस्त करायचेत, उघडी फाइल पाठव. भालेकर म्हणाले, मी करून देतो. परब म्हणाले, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं कारण फोन स्पीकरवर होता, "दिन्या, तुझ्या घरात मी न विचारता शिरून साखर घेऊन जातो आणि तू आता फाइलला कडी लावतोस?"

त्यांच्या चाळीत दिवसा कोणी दाराला कडी लावत नाही. लावली तर शेजारी ठोकून विचारतात, कोण आजारी आहे का, भांडण झालं का. कडी लावणं म्हणजे शेजाऱ्यांना काहीतरी सांगणं. भालेकरांनी फोन ठेवला, पासवर्ड टाकून कुलूप काढलं आणि उघडी फाइल पाठवून दिली. बँकेच्या मॅनेजरला जे दिलं नाही, मला जे दिलं नाही, ते परबांना दिलं.

संमतीचा रविवार मी बघितला. तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत टेबल मांडलं होतं, त्यावर टॅबलेट. भालेकर शेजारी खुर्ची टाकून बसले होते, लग्नात वराचे काका बसतात तसे. कोणी घाईने बोट पुढे केलं की म्हणायचे, "आधी वाचा." सुनंदावहिनी, त्यांची बायको, आल्या.

"कुठलं दाबू?"

"मला काय विचारतेस? तुला काय वाटतं?"

"मला त्या 'शक्यतो'ची भीती वाटते."

"मग तिसरं दाब."

वहिनींनी दाबलं. चौकट उघडली, "घाई नाही. नीट वाचा. मी थांबतो." वहिनी हसल्या. "घरात पण तुम्हीच आणि इथे पण तुम्हीच!" सगळी खोली हसली. त्यांच्यामागून कितीतरी जणांनी तिसरं बटण दाबलं. ओळखीचा आवाज आला की माणूस निर्धास्त होतो. भालेकरांनी स्वतः तेच दाबलं.

आठवड्याने यादी लागली. त्यात 'विचार करून सांगतो' असा रकानाच नव्हता. तिसरं बटण दाबलेले सगळे 'मान्य'मध्ये. सुनंदा दिनकर भालेकर, मान्य. दिनकर भालेकर, मान्य. काम पुढे न्यायला लागते त्या निम्म्याहून कितीतरी जास्त संमती झाली होती, 'शक्यतो' कायम राहिलं होतं.

त्या यादीवरून बोलावलेल्या सभेला मी बाहेर पॅसेजमध्ये, उघड्या दाराशी उभी होते. आतून आरडाओरडा ऐकू येत होता. मग परबांचा आवाज, अगदी समजूतदार. "हे बघा, फॉर्म मी बनवलेला नाही. बटणं कोणी लावली ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. भालेकर इथेच बसलेत, त्यांना विचारा."

भालेकर उभे राहिले. त्यांना वळसे घालून बोलता येत नव्हतं. ते म्हणाले, "मी विल्याला उघडी फाइल दिली होती."

झालं. लोकांना एवढंच ऐकू आलं. मी दिली. कोणी तरी ओरडलं, "म्हणजे तुला माहीत होतं!" भालेकर परबांकडे बघत राहिले. परब कागद गोळा करत होते.

वहिनींच्या ईमेलवर आलेली प्रत मी दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात उघडली. ती उघडी फाइल होती, परत कुलूप लावायचीही कोणी तसदी घेतली नव्हती. तिसऱ्या बटणामागे भालेकरांचं वाक्य तसंच होतं, अक्षरही न बदललेलं. त्याच्या खाली एक ओळ वाढवलेली होती, जी उत्तराच्या जागी गुपचूप 'मान्य' लिहीत होती. आणि अजून एक गोष्ट. बटणाचं काम बोट उचलल्यावर होत नव्हतं, दाबताक्षणी होत होतं. भालेकरांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. 'मान्य'पेक्षा त्यांना ते दुसरं जास्त लागलं, असं मला वाटलं. म्हणाले, "माझा आवाज ठेवला त्याने. आवाज काढून टाकायचा होता ना."

मी परबांकडे गेले. "फाइल उघडून दाखवू?"

"बाई, टेक्निकल बाबीतलं मला काय कळतं? आमच्या ऑफिसात चार जण हात लावतात. आणि लोकांना घरं मिळतायत. उद्या हेच लोक हार घालतील."

"भालेकरांच्या तोंडाला काळं फासून?"

"दिन्याला मी समजावीन. आमचं आम्ही बघू. तुम्ही बाहेरच्या आहात."

चाळीत सुनंदावहिनी तांदळाचे घावणे करायच्या ते चार दारांत जायचे. चाळीत ताट कधी रिकामं परत येत नाही, शेजारी त्यात आपल्याकडचं काही घालून पाठवतात. त्या दिवसांत वहिनींचं ताट भरलेलं परत यायला लागलं. त्यांचेच घावणे, जसेच्या तसे, वर झाकलेलं फडकंसुद्धा न काढलेलं. मग दारांना दिवसा कड्या लागल्या. कोणी ठोकून विचारलं नाही की कोण आजारी आहे.

मी वकील बघून दिला. कोर्टाबाहेरची ओळख कामाला येते. वकील म्हणाला, तक्रार भालेकरांनी स्वतः करायला हवी. भालेकरांनी सही केली नाही. मी त्यांच्यावर ओरडले, अख्ख्या ऑफिससमोर ओरडले. ते म्हणाले, "पोलीस विल्याच्या ऑफिसातल्या टायपिंग करणाऱ्या पोराला पकडतील. मला ते नको. माका ता विल्याच्या तोंडातसून आयकूचा आसा. त्याने गॅलरीत उभं राहावं आणि म्हणावं, दिन्याने केलं नाही. बस्स."

"आणि तो म्हणाला नाही तर?"

"म्हणेल. त्याला वेळ लागतो."

त्यानंतर त्यांनी बटण केलं नाही. ऑफिसात यायचे, रकाने आखायचे, नाव-पत्त्याच्या जागा मोजून सोडायचे, आणि बटणाची वेळ आली की फाइल माझ्याकडे सरकवायचे. "हे दुसऱ्या कोणाकडून करून घ्या." आपल्या खुर्चीत इतर कोणी बसलं तरी काही म्हणायचे नाहीत. माऊसही पुसायचे नाहीत.

तात्पुरती घरं खाडीपलीकडे मिळाली, रेल्वे स्टेशनपासून रिक्षाने जावं लागतं अशा जागी. परबांच्या कुटुंबाला तात्पुरतं घर परळमध्येच मिळालं. का, ते मी विचारणार नाही, ज्यांनी विचारायचं त्यांनी विचारावं. भालेकर तिथून पुन्हा ऑफिसात आले नाहीत, नव्या जागी थोडेच महिने राहिले. वहिनी सांगतात, तिथे सगळ्यांचीच दारं बंद असतात, त्यामुळे आमच्याशी कोण बोलत नाही आणि कोण कोणाशीच बोलत नाही, हे कळत नसे. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. मी डॉक्टर नाही, मी त्यावर काही लिहिणार नाही.

पण ते गेले असं मला नीट म्हणता येत नाही. ह्या भागातल्या किती फॉर्मच्या मागे ते आहेत, मला माहीत नाही. त्यांचे पासवर्ड वहिनींनी नंतर माझ्याकडे दिले, त्यामुळे जुनी फाइल लोगो बदलायला उघडते आणि भालेकर म्हणतात, "सही राहिली. असं कसं?" एकदा रक्त तपासायला लोअर परळच्या एका लॅबमध्ये गेले होते. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली, मी नाव-गाव भरलं, 'पाठवा' दाबलं आणि चौकट उघडली, "एकदा वर जाऊन वाचा. मी थांबतो." मुलगी म्हणाली, "मॅडम, ओके करा ना, ते असंच येतं." माझं बोट उठेना. मी रक्त न देता घरी आले. नवीन मुलं मला सांगतात, मॅडम, ही जुनी वाक्यं काढून टाकू, कस्टमरला कन्फ्यूज करतात. मी एकदा काढायला बसलेही. बटणामागे गेले, वाक्यावर खूण केली, आणि तिथे त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली एक ओळ दिसली, जी भरणाऱ्याला कधीच दिसत नाही: 'इथे माणूस अडखळतो, ओरडू नये.' मी फाइल बंद केली. आता रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना मला वाटतं, आत कोणी तरी आधीपासून बसलेलं आहे आणि माझं बोट बघतंय.

त्यांना शेवटचं बघितलं ते चाळ रिकामी करायच्या दिवशी. फाटकाशी टेंपो लागले होते. भालेकरांचं सामान केव्हाच चढलं होतं, वहिनी पुढे बसल्या होत्या. ते मात्र फाटकाजवळच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसले होते, त्याच कडक शर्टात. त्यांच्या स्क्रीनवर मूळ फॉर्म होता, त्यांनी स्वतः केलेला, तीन बटणांचा. जो बाहेर पडेल त्याला म्हणत होते, "एकदा दाबून बघा. मी केलेली फाइल ही. तिसरं दाबा, मग कळेल."

कपाट उचलून नेणारी माणसं त्यांना वळसा घालून गेली. एकाने, "भालेकर, बाजूला व्हा, लागेल," असं सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या एक बाई तुळशीची कुंडी घेऊन निघाल्या होत्या. भालेकरांनी लॅपटॉप त्यांच्यापुढे केला. त्या मागे सरकल्या आणि मोकळा हात पदराखाली घेतला. मला म्हणाल्या, "नको गं बाई, परत कुठे काय लागायचं." त्यांच्या बटणाला माणसं घाबरायला लागली होती. पानवाल्याला, दळणवालीला, दिसेल त्याला धरून ज्याने बोटं लावायला लावली, त्याच्या बटणाला त्याच्याच चाळीतलं कोणी हात लावेना.

परब टेंपोंजवळ उभे होते, हातात यादी, एकेक नाव पुकारत. भालेकरांनी त्यांना हाक मारली नाही. फक्त लॅपटॉप फिरवला, स्क्रीन परबांच्या बाजूला केली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी मध्ये पडले नाही, कारण मला दिसत होतं की परबांनी बघितलं आहे. त्यांनी बघितलं, खिशातून मोबाइल काढला आणि त्यात मान घातली. बराच वेळ. मग ड्रायव्हरने हॉर्न दिला. भालेकरांनी लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला आणि टेंपोत चढले. मी हात केला. ते माझ्याकडे बघत नव्हते.

परब, तुम्ही वाचाल म्हणून हे लिहिलं आहे. लोकांना वाटतं बाई तापट आहे, ओरडेल आणि गप्प बसेल. इमारत उभी राहील तेव्हा सगळी चाळ परत येईल, पूजा होईल, स्टेज असेल आणि माईक तुमच्याच हातात असेल. मी सुनंदावहिनींना घेऊन येणार आहे आणि आम्ही पहिल्या रांगेत बसणार आहोत. कोर्ट नको, पैसे नकोत, माफीसुद्धा नको. तिसऱ्या बटणामागे ती ओळ कोणी लिहिली आणि ती लिहिताना त्याचं वाक्य तसंच का ठेवलं, एवढं त्या माईकवरून सांगा. नाव घेऊन सांगा. दिन्याने केलं नाही, असं म्हणा आणि कोणी केलं तेही म्हणा.